खारफुटीतली बोलणी

बेगम बाजार, हैदराबाद
८ जानेवारी १९९७

ती. आक्कास,
हणमंताचा दंडवत.

गुडघा कसा आहे ते सवडीनं कळव, आधी माझं ऐक. राणीनं पोरगा ठरवलाय. आपण नव्हे, तिनं. दिलसुखनगरला कॉम्प्युटर शिकायला मीच पाठवलं, शिकून कंपनीत लागली, आणि कंपनीत शेजारच्या टेबलावर हा बसलेला. श्रीकांत लेले. मूळ पुण्याचे. बाप सुधीर लेले कुठल्याशा परदेशी कंपनीचा इथला मोठा साहेब. सरकारनं दारं उघडल्यापासून असले साहेब आपल्या गावात कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवलेत. ते कोण, आपण कोण, हे तुला सांगायला नको. त्यांच्या घरी कपाला बशी लावतात ती नुसती शोभेला, आणि आपल्याला बशीशिवाय चहा उतरत नाही.

तरी मी मान खाली घालून गेलो. म्हणालो, रविवारी अंबरपेठला घरी या, पोहे खा, मुलगी बघा, मुलगा दाखवा. तर पोराची आई मेधाबाई म्हणते कशी, "अय्या, बघण्याचा कार्यक्रम? आम्ही त्या मताचे नाही हो. मुलगी काय वस्तू आहे का?" बरं, नाही वस्तू. मग? तर त्यांचं पक्षी बघणाऱ्यांचं एक मंडळ आहे. ते काकिनाड्याच्या पुढं समुद्रकाठच्या राखीव रानात चाललंय. आम्ही दोघांनी त्यांच्याबरोबर यायचं. "निसर्गात माणसं मोकळी होतात."

म्हणजे मुलीला बघणं वाईट, पाखरांना डोळ्याला नळ्या लावून बघणं चांगलं. त्या पाखरांना कुणी विचारलंय का?

आणि जागा कोणती, तर आपली गंगा, म्हणजे गोदावरी, जिथं समुद्राला मिळते ती. आपण नाशकाकडं तोंड करून हात जोडतो, आणि ही माणसं तिचा शेवट कसा होतो ते बघायला तिकीट काढून चाललीत. शेवट चिखलात होतो म्हणे.

राणी म्हणते, "बाबा, तुम्ही फक्त या. बोलू नका." पोरगी भांडली असती तर मीही भांडलो असतो. पण ती शांतपणे म्हणाली, "दोन्ही घरांनी मनापासून हो म्हटलं तरच करीन. पळून जाणार नाही, आणि दुसरा बघणारही नाही." तिची आई असती तर काहीतरी बोलली असती. मी दुकानाची किल्ली उचलली.

तुझा,
हणमंत


भालकी
१४ जानेवारी १९९७

चि. हणमंतास आशीर्वाद.

तिळगूळ वेगळा पाठवलाय. तो खा आणि नावाला तरी गोड बोल.

मला तुझ्या त्या लेल्यांची भीती नाही, तुझ्या तोंडाची आहे. माझ्या किशोरच्या सोयरिकीला तुला पुढं घातलं, तर तू मुलीच्या बापाला म्हणालास, "भिंतीला चुना आंधळ्यानं लावला का?" मला वाटलं मोडलं. ते घर तुला फार आवडलं होतं हे मला लग्नाच्या मांडवात कळलं! तो व्याही स्वतः अडत्या होता म्हणून हसला, त्यानं तुझ्या टोपीला नाव ठेवलं आणि तासाभरात सुपारी फुटली. प्रत्येक वेळी समोर अडत्या नसतो रे.

राणी मलाही पत्रात तेच लिहिते. दोन्ही घरांचा हो. पोर आईविना वाढली, तिला भरलेलं घर पाहिजे. तेव्हा पाखरं बघ, मान हलव, आणि परत ये. काय झालं ते सगळं लिही. सगळं म्हणजे सगळं.

आक्का


बेगम बाजार
२९ जानेवारी १९९७

ती. आक्कास दंडवत.

जाऊन आलो. असा मूर्खपणा मी जन्मात पाहिला नाही.

उजाडता उजाडता आम्हाला खाडीच्या बांधावर उभं केलं. सगळ्यांचे कपडे चिखलाच्या रंगाचे, विकत घेतलेले. मी आपला परीटघडीचा पांढरा सदरा घालून गेलेला. मला बघून सगळे असे दचकले, जणू मी वरात घेऊन आलोय. पाखरांना पांढरा रंग चालत नाही म्हणे. समोर शंभर बगळे उभे होते, त्यांना कुणी काही म्हणालं नाही.

बोलायचं नाही, खोकायचं नाही, पाय वाजवायचा नाही. आणि आक्का, माझे कान तुला माहीत आहेत. बाजारात पलीकडच्या गाळ्यात दलाल दलालाच्या कानात बोलतो ते मला गल्ल्यावर बसून ऐकू येतं, त्याच्यावरच तर दुकान उभं केलं. त्या शांततेत मला सगळं ऐकू आलं. तुला वाटेल पाखरांचं बोलत असतील. छे! एक बाई जुबिली हिल्सच्या प्लॉटचं बोलत होती. एक गृहस्थ भाच्याच्या अमेरिकेच्या व्हिसाचं. दोघं शेअरचं. मधेच कुणीतरी "खंड्या!" असं कुजबुजायचा, सगळे नळ्या वर करायचे, आणि नळ्या खाली आल्या की पुन्हा प्लॉट. गंगेत पाय सोडून बसलेली ही माणसं तहान लागली की प्लास्टिकच्या बाटलीतलं विकत आणलेलं पाणी पितात!

होडीवाला तेलुगू. त्यानं मला हळूच विचारलं, "बाबू, हे धरत नाहीत, खात नाहीत, मग बघतात कशाला?" मी म्हटलं, "यांना घरी बायका बोलू देत नाहीत. गप्प बसायचंच आहे, तर इथं हवा तरी बरी." तो एवढा हसला की होडी डुलली आणि मेधाबाईंनी माझ्याकडं पाहून गोड स्मित केलं.

आता पोराचं. वाळका. उभा राहिला की बगळ्याला लेंगा घातल्यासारखा दिसतो. त्याच्याशी बोलणं झालं ते असं.

"ही करडी कोणती?"
"तुतारी, काका."
"आणि ती पलीकडची?"
"तीपण तुतारीच, पण वेगळी."
"वेगळं काय तिच्यात?"
"पायाचा रंग."
"पाय तर चिखलात आहेत."
"उचलेल ना कधीतरी. थांबायचं."

अशी ही थांबणारी जात. मी त्याच्या बापाला तोंडावर सांगितलं, "साहेब, याला माझ्या गल्ल्यावर बसवला तर गिऱ्हाईक तिथंच झोपेल." बाप हसला, "हा हा, खरंय!" आईला म्हटलं, "याला जेवायला घालता, का नुसतं बघायला लावता?" ती म्हणाली, "तुमचा स्वभाव किती मिश्कील हो!" मागून मैत्रिणीच्या कानात म्हणाली ते मला ऐकू आलं. "हाऊ ऑथेंटिक!" राणीला अर्थ विचारला. म्हणे, अस्सल. आक्का, अस्सल हा शब्द आमच्या बाजारात फक्त भेसळीच्या हिंगाच्या डबीवर छापतात.

आणि इथंच मला शंका आली. आमची रीत तू जाणतेस. ज्याला मिरची घ्यायची आहे तो पोत्यात हात घालतो, एक मोडतो, हुंगतो, जमिनीवर टाकतो आणि म्हणतो, "ये मिरची है मियाँ? भूसा है भूसा!" मग आपण त्याला बसायला स्टूल देतो. आणि जो म्हणतो, "वाह, उमदा माल है," त्याला पाणीसुद्धा विचारत नाही, कारण तो पुढच्या दुकानात चाललेला असतो. त्या बाईनं दोन दिवसांत राणीला एक नाव ठेवलं नाही. पोरगी सावळी आहे, बोलली नाही. आई नाही, बोलली नाही. बाप मिरचीवाला, बोलली नाही. सगळं छान, सगळं गोड, सगळं वा वा. त्यांना माल घ्यायचाच नाही, आक्का. नुसते बाजार हिंडायला आलेत.

मी माझ्या बाजूनं पोराला पोटभर नावं ठेवून आलोय. आता त्यांच्या उलट बोलाची वाट बघतो.

बाकी सगळं ठीक. माझा एक बूट वाया गेला, एवढंच.

हणमंत


बंजारा हिल्स, हैदराबाद
५ फेब्रुवारी १९९७

आदरणीय हणमंतरावजी,
सप्रेम नमस्कार.

आपल्यासारख्या दिलखुलास व्यक्तीच्या सहवासात घालवलेले ते दोन दिवस आमच्या कायम स्मरणात राहतील. चि. राणी अत्यंत गुणी मुलगी आहे. तिला घडवण्यात आपण घेतलेले परिश्रम जागोजागी जाणवतात.

श्रीकांतविषयी आपलं मत आपण मोकळेपणानं मांडलंत, त्याचा आम्ही आदर करतो. मुलीच्या वडिलांच्या मनात एवढी नापसंती असताना आग्रह धरणं आमच्या संस्कारात बसत नाही. मुलांना थोडं जड जाईल, परंतु हा विषय सन्मानानं इथेच थांबवावा असं आम्हा उभयतांना वाटतं. कटुता नसावी.

आपला स्नेहांकित,
सुधीर लेले


भालकी
१२ फेब्रुवारी १९९७

हणमंता,

राणी इथं आहे. रजा टाकून बसनं आली, हातात एक पिशवी. तू दुकानावर विचारत फिरू नकोस म्हणून आधी ते लिहिलं. जेवते.

लेल्यांचं पत्र तिनं माझ्यापुढं टाकलं. मी दोनदा वाचलं. डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात तसं लिहिलंय. आणि राणी सांगते, ते वाचून तू काय म्हणालास? "बघ, मी म्हणत नव्हतो? वा वा करणारे पुढच्या दुकानात गेले." एवढं म्हणून तू वरणात भात कालवलास.

आता मला एक सांग. मी तुला सगळं लिही म्हटलं होतं. तू चार पानं लिहिलीस, बगळे लिहिलेस, बाटलीतलं पाणी लिहिलंस. चिखल कुठंय?

काल पोरगी बोलली तेव्हा मला कळलं. त्या श्रीकांतनं तुला बजावलं होतं की बांध सोडू नका, ओहोटीचा चिखल वरून टणक दिसतो. तू म्हणालास, मी शेतकऱ्याच्या पोटचा आहे, मला चिखल शिकवू नको, आणि होडीकडं आडवा निघालास. मांडीपर्यंत गेलास. आणि भरती चढत होती.

राणी म्हणाली, सायबेरियाकडून एक चिमणीएवढं पाखरू येतं, चोच चमच्यासारखी चपटी. सगळं मंडळ त्याच्यासाठी गेलं होतं. तो पोरगा मागच्या हिवाळ्यांतही त्याची वाट बघत बसलेला. त्या घडीला एक थवा उतरला होता आणि त्यात एक तसलं वाटत होतं, पण चोच पाण्यात. चोच वर येण्याची वाट बघत सगळे दगड झाले होते. श्रीकांतनं मान वळवून तुला बघितलं आणि ओरडला. अख्खा थवा उडाला. मंडळाचे लोक चरफडले. त्यानं ती महागाची दुर्बीण चिखलात टाकली, होडीची फळी ओढून आणली, तिच्यावर पालथा पडला आणि तुला काखेत धरून काढलं. काढताना म्हणाला, "सांगितलेलं ऐकू येत नाही का तुम्हाला? तुम्ही वयानं मोठे आहात म्हणून चिखल तुमचं ऐकणार आहे का?"

आणि बाहेर आल्यावर, लेका, तू त्याला काय म्हणालास? "पकड ढिली आहे तुझी."

मी ओळखते तुला. तुला तो त्याच घडीला पसंत पडला. म्हणून तर पत्रात लपवलंस. नावं ठेवायची ती चार जणांत ठेवतोस, आणि जे आवडतं ते पोटात दडवतोस, भाव चढेल म्हणून. अरे, ते लेले पुण्याकडले. त्यांना पटलं नाही तर ते गोड बोलतात. तुला पटलं तर तू कडू बोलतोस. त्यांनी तुझं कडू खरं धरलं, तू त्यांचं गोड खोटं धरलंस, आणि मधे माझी पोर वाळत चाललीय. माणसं म्हणजे मिरची नव्हे!

राणीनं मला एकच विचारलं. "आत्या, बाबांना तो आवडला असता, तर एकदा तरी म्हणाले नसते का?" मी काय सांगू? तिच्या आईलाही तू अक्षता पडेपर्यंत नावं ठेवलीस, हे सांगू?

लेल्यांना पत्र लिही. मुलीचा बाप आहेस, वाक. जमत नसेल तर राणीला मी इथंच ठेवून घेते.

आक्का


बेगम बाजार
१७ फेब्रुवारी १९९७

सुधीरराव लेले आणि मेधाताई यांस,
हणमंत बिरादाराचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे. मजकूर माझ्या कामाचा नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. गावाहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात पोती झाडली. जे काही शिकलो ते बाजारात, आणि बाजारात कुणी कुणाची स्तुती करत नाही. जो करतो त्याच्यावर नजर ठेवतात. त्यामुळं खालचं वाक्य लिहायला मला सकाळपासून वेळ लागला. दोन गिऱ्हाइकं परत गेली.

तुमचा मुलगा चांगला आहे.

लिहिलं. आता पुढचं सोपं आहे. तो वाळका आहे, आणि तरी त्यानं मला काढलं. माझं वजन आमचा हमाल नाईलाजानं सांगतो तेवढं आहे. ज्या पाखरासाठी तो इतकी वर्षं थांबला ते त्यानं माझ्यासाठी स्वतःच्या तोंडानं ओरडून उडवलं. मला लाज वाटायला पाहिजे होती, पण खरं सांगतो, मला राग आला. कारण त्यानं मला चारचौघांत खडसावलं, आणि तो बोलला त्यातला एक शब्द खोटा नव्हता. माझ्या दुकानात, माझ्या घरात मला असं बोलणारं कुणी नाही. राणी बोलत नाही, ती गप्प बसते. गप्प बसलेल्या पोरीचा बाप होणं फार वाईट.

मी त्याला "पकड ढिली" म्हणालो. ढिली नव्हती. माझी काख अजून दुखते.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही आमचा मान राखला, कौतुक केलंत, माझ्या पोरीला गुणी म्हणालात. मला एकाही शब्दावर विश्वास बसला नाही. मेधाताई, तुम्हाला मी आवडलो नाही. बांधावर तुमच्या पुढं चालत होतो तेव्हा तुमचा श्वास मला ऐकू येत होता, तो कौतुक करणाऱ्या बाईचा नव्हता. मग स्पष्ट बोला ना! आमची राणी कुठं खटकली, मी कुठं खटकलो, सगळं लिहा. मी रागावणार नाही. न बोलता तुम्ही सून नेलीत तर ते न बोललेलं तिला तुमच्या घरात जन्मभर ऐकू येईल. माझे कान तिच्यात उतरलेत.

वाकून नमस्कार करावा असं माझी थोरली बहीण म्हणते. हा केला.

हणमंत बिरादार


बंजारा हिल्स
२४ फेब्रुवारी १९९७

श्री. हणमंतराव,

यांनी उत्तराचा मसुदा केला होता, "आपल्या भावना पोचल्या" वगैरे. तो मी फाडला. तुम्ही विचारलंत, तर ऐका.

तुम्ही त्या रानात भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्यात आणि टरफलं बांधावर टाकत गेलात. तुमच्या मागून चालताना मी ती एकेक वेचून माझ्या पर्समध्ये भरली. तो श्वास वाकल्याचा होता. घरी आल्यावर पर्स झटकली तर रुमालालासुद्धा शेंगांचा वास! आमच्या मंडळात नवीन माणूस पहिल्या दिवशी निदान गप्प बसतो. तुम्ही होडीवाल्याशी आमची टिंगल करत होतात. मला तेलुगू येत नसलं तरी हसणं कळतं. मी तुम्हाला "ऑथेंटिक" म्हणाले (एवढे कान आहेत, तर तेही ऐकलं असेलच), कारण मनात आलेला दुसरा शब्द चारचौघांत उच्चारण्यासारखा नव्हता. "मिश्कील"ही तसंच.

श्रीकांतला तुम्ही वाळका म्हणालात. तो सातव्या महिन्यात जन्मला. त्याला मी कापसात वाढवलाय. जेवायला घालता का असं तुम्ही मला तोंडावर विचारलंत, आणि मी हसले. त्या दिवशी मग मला घास गेला नाही. "मुलगा चांगला आहे" हे तुमचं वाक्य आलं म्हणून सांगते, तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "आई, त्यांना सांग, बूट अजून तिथंच आहे. पुढच्या वर्षी काढू." ते पाखरू गेलं याबद्दल त्यानं घरात एक चकार शब्द काढलेला नाही. माझा मुलगा मूर्ख आहे की मोठा, हे मला अजून ठरवता येत नाही.

राणीबद्दल. रंग वगैरे मी बघत नाही, तुम्ही आम्हाला काय समजता? वडिलांचं मिरचीचं दुकान आहे, तर घरात तिखट तरी चांगलं येईल. खटकलं ते वेगळंच. दोन दिवसांत ती मला एकदाही "काकू" म्हणाली नाही. "मॅडम" म्हणत होती. मी काय तिची परीक्षा घ्यायला गेले होते? मला मुलगी नाही. तुम्हाला काय कळणार, त्या "मॅडम"नं मला किती लांब उभं केलं ते. मग मीही नुसती गोड बोलत राहिले.

तुमच्यासारख्या माणसाशी नातं जोडायचं म्हणजे मला धडकी भरते. हे म्हणतात की भरू दे. साखरपुडा कुठं करायचा ते कळवा. आमच्याकडं केलात तर शेंगा आणू नका.

मेधा लेले


बेगम बाजार
२७ फेब्रुवारी १९९७

ती. आक्कास दंडवत.

बाईनं पानं भरभरून शिव्या घातल्यात. एक शब्द गुळमुळीत नाही. मी दुकानात सगळ्यांना चहा सांगितला.

पत्र सोबत जोडलंय, राणीला वाचायला दे. वाचून झालं की तिला घेऊन मिळेल त्या बसनं ये. आणि वाटेत तिच्याकडून "काकू" म्हणायची सवय करून घे.

हणमंत